आधी डोळे, मग हात : रॅटलस्नेकच्या मुलखात क्लाइंबिंग करताना

एप्रिलमधली सकाळ होती. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्रीमध्ये एका सोप्या क्रॅकचा, म्हणजे खडकातल्या भेगेच्या वाटेचा, शेवटचा टप्पा मी लीड करत होते, म्हणजे दोर घेऊन सगळ्यांपुढे चढत होते. उजवा पाय भेगेत घट्ट बसला होता, शेवटचा कॅम (भेगेत बसवून दोर अडकवायचं साधन) पायाखाली दीड-दोन मीटरवर होता आणि माथ्याची कड डोक्याच्या जरा वर. अशा जागी हात आपसूक कडेपलीकडे जातो आणि न बघताच चाचपायला लागतो. त्या दिवशी मी आधी पाय वर घेतला आणि मान उंचावून पाहिलं. जिथे तळवा टेकला असता तिथून वीतभर पलीकडे खडकाच्याच रंगाचं वेटोळं पडलं होतं. फिकट करडं, जरा गुलाबीकडे झुकणारं, वर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके. शेपटी वाजली नव्हती. जीभ एकदा बाहेर आली आणि आत गेली, एवढीच काय ती हालचाल.

मान हळूच खाली घेतली. "साप आहे. उतरतेय, दोर घेत राहा," एवढंच बोलले. कॅम कमरेशी येईपर्यंत पावलापावलाने उतरले, त्याच्या शेजारी दुसरा बसवला, दोन्हींवर भार दिला आणि बिलेयरने, म्हणजे खाली माझा दोर सांभाळणाऱ्या साथीदाराने, मला जमिनीवर आणलं. दोन तासांनी मागच्या बाजूने चढून, साप गेल्याची खात्री करून, रॅपल करत, म्हणजे दोरावरून खाली उतरत, दोन्ही कॅम काढले.

तेव्हापासून नव्या माणसांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. क्लाइंबरसाठी रॅटलस्नेकचं, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणाऱ्या इथल्या विषारी सापाचं, विष हा दुसरा धोका आहे. पहिला धोका दचकण्याचा. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ७ ते ८ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांतले साधारण ५ जण दगावतात. म्हणजे वेळेवर हॉस्पिटल गाठलं तर माणूस बहुतेक वाचतोच. भिंतीवर दचकून दोन्ही हात सुटले किंवा खाली बिलेयरने ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात सोडून उडी मारली, तर तितकी संधी मिळत नाही. खाली जे काही सांगतेय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

सह्याद्रीतून आलेल्यांसाठी आधी दोन शब्द

लिंगाणा, तैलबैला, वजीर करून इकडे आलेले बरेच जण सापांना सरावलेले असतात. ते चांगलंच आहे, पण सगळंच ज्ञान इथे जसंच्या तसं चालत नाही. फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून खर्र आवाज करतं, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. रॅटलस्नेक शेपटीच्या टोकाचा खुळखुळा वाजवतो. तो खुळखुळा आपल्या नखांच्याच द्रव्याच्या, म्हणजे केराटिनच्या, पोकळ कड्यांचा असतो. प्रत्येक कात टाकताना एक कडं वाढतं आणि जुनी कडी तुटतही राहतात, त्यामुळे कडी मोजून सापाचं वय सांगता येत नाही. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला एकच गुंडी असते आणि ती वाजत नाही. विष मात्र पहिल्या दिवसापासून असतं.

नात्याने रॅटलस्नेक आपल्या चापड्याच्या जवळचा. पावसाळी जंगलात फांदीवर हिरवा चापडा पाहिला असेल, तर त्याच्या डोळा आणि नाकपुडीच्या मधली खाच आठवा. रॅटलस्नेकलाही ती असते आणि तिने त्याला उष्णता जाणवते. अंधाऱ्या भेगेत आपल्याला काही दिसत नाही, पण आपला ऊबदार हात त्याला नीट 'दिसतो'.

आणखी एक. भारतातलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं असतं. ते रॅटलस्नेकवर उपयोगाचं नाही. तिकडून येताना कुणाच्या ओळखीने कुप्या आणण्याचा विचारही करू नका.

घरून निघण्याआधी

कुठे चाललोय तिथे कुठले साप आहेत ते बघून ठेवा. जोशुआ ट्री आणि लास वेगासजवळच्या रेड रॉकला ठिपकेदार स्पेकल्ड, मोहावे आणि वाळूतून तिरका सरकणारा साइडवाइंडर भेटतात. योसेमिटीत नॉर्दर्न पॅसिफिक रॅटलस्नेक हा एकच विषारी साप आहे. पूर्वेला न्यूयॉर्कमधल्या गंक्सच्या कड्यांवर टिंबर रॅटलस्नेक असतो. त्या राज्यात त्याची संख्या घटल्यामुळे त्याला कायद्याचं संरक्षण आहे. यातला नेमका कुठला चावला हे ओळखण्याची सक्ती मात्र तुमच्यावर नाही, कारण इथली प्रतिविषं उत्तर अमेरिकेतल्या सगळ्याच रॅटलस्नेकवर दिली जातात.

ऋतू आणि वेळ जास्त महत्त्वाची. थंडीत साप खडकांच्या खोल भेगांत पडून राहतात आणि मार्च-एप्रिलपासून बाहेर येऊ लागतात. वसंतात आणि शरदात ते दिवसा फिरतात, म्हणजे नेमकं जेव्हा वाळवंटात क्लाइंबिंगचा हंगाम असतो तेव्हाच. कडक उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या खडकावर त्यांचाही जीव जाईल, म्हणून ते सावलीत शिरतात आणि संध्याकाळी-रात्री हिंडतात. सह्याद्रीत ऊन टाळायला आपण पहाटे तीनला बॅटरीच्या उजेडात चालायला लागतो. तीच सवय इथे जुलै-ऑगस्टमध्ये सापांच्या फिरण्याच्या वेळी आपल्याला पायवाटेवर आणते. दक्षिणेकडच्या वाळवंटात डिसेंबरच्या एखाद्या उबदार दुपारीही साप उन्हाला येऊन बसतो, तेव्हा थंडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ऑगस्टपासून पुढे पिल्लं जन्मतात, त्यांचा आवाज नसतो हे वर आलंच आहे.

मग तीन कामं करा. कड्यापासून सगळ्यात जवळचं, इमर्जन्सी विभाग असलेलं हॉस्पिटल कोणतं आणि तिथवर गाडीने किती वेळ लागतो ते कागदावर लिहून घ्या. फोनमध्ये ९११ या आणीबाणीच्या नंबरसोबत पॉयझन कंट्रोलचा, म्हणजे विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्राचा, १-८००-२२२-१२२२ हा नंबर ठेवा. तो फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. तिसरं, रेंज. जोशुआ ट्रीच्या बहुतेक भागात फोन लागतच नाही. आयफोन १४ किंवा त्यानंतरचं मॉडेल असेल तर उपग्रहावरून मदत मागता येते, ती कशी हे घरीच उघडून बघा. नसेल तर उपग्रह मेसेंजर भाड्यानेही मिळतो.

शक्य असेल तेव्हा तिघांनी जा. दोघांच्या टीममध्ये बिलेयरलाच साप चावला तर काय करायचं, हा प्रश्न फार कठीण होऊन बसतो. त्याच्याकडे पुढे येतेच.

भारतातून फिरायला आलेल्यांनी प्रवास विमा नीट वाचावा. प्रतिविषाच्या एकेका कुपीची किंमत हजारो डॉलरमध्ये असते आणि अनेक पॉलिसींतून साहसी खेळ वगळलेले असतात.

पायवाट आणि दगडांचा ढिगारा

घोटा झाकणारे बूट आणि सैलसर लांब पँट. चपला-सँडल गाडीतच राहू द्या. ओंडका किंवा मोठा दगड आडवा आला तर तो ओलांडून पलीकडे पाय टाकू नका. आधी त्याच्यावर पाय द्या, पलीकडे बघा, मग उतरा. दगडाच्या पलीकडची सावली ही रॅटलस्नेकची आवडती जागा.

कड्याखालच्या ढिगाऱ्यात आपण दोन्ही हातांचा आधार घेत चढतो, तिथे एक ट्रेकिंग पोल हाती ठेवा. पुढच्या दगडावर तो दोनदा आपटा. सापाला जमिनीतली कंपनं चांगली जाणवतात आणि वाट मिळाली तर तो निघून जाणंच पसंत करतो. कानात इयरफोन घालू नका. अंधार पडायच्या बेतात उतरत असाल तर हेडलॅम्प आधीच लावा.

कड्याच्या पायथ्याशी

सामान टाकण्याआधी पायथ्याला एक फेरी मारा. झुडपांच्या बुडाशी, खडक आणि जमीन मिळतात त्या खोबणीत, चिऱ्यांच्या खालच्या फटीत नजर टाका. बिलेयर जिथे उभा राहणार तिथून चहूबाजूंना किमान दोन मीटर जागा डोळ्यांखालून घाला. याला दोन मिनिटंही लागत नाहीत.

सॅकची चेन बंद. दोर जमिनीवर मोकळा सोडण्यापेक्षा दोराच्या चटईवर, आणि चटई शक्यतो उघड्या जागेवर. बूट काढून क्लाइंबिंग शूज घातले की काढलेले बूट सॅकला अडकवा. परत घालताना आपटून घ्या. बोल्डरिंग (बुटक्या खडकांवर दोराशिवाय चढणं) करणाऱ्यांनी क्रॅशपॅड, म्हणजे पडल्यावर झेलणारी जाड गादी, उचलताना पलीकडची कड आधी उचलावी, म्हणजे खाली काही निघालं तर पॅडच मध्ये ढाल होतो. एका दुपारी आमच्या पॅडखालून साप निघाला तो असाच. पॅड उभा राहिला, साप त्याच्या पलीकडून झुडपात गेला, आम्ही अलीकडे उभे होतो.

भिंतीवर

उभ्या, गुळगुळीत भिंतीवर साप फारसा भेटत नाही. भेटतो तो लेजवर (भिंतीतल्या आडव्या कंगोऱ्यावर), आडव्या भेगेत, झुडूप उगवलेल्या कोपऱ्यात, पहिल्या काही मीटरांत आणि माथ्यावर. मागून सोप्या वाटेने माथ्यावर जाता येत असेल तर सापालाही येता येतं. रूट निवडतानाच अशा जागा खालून हेरून ठेवा.

लेजवर हात टाकण्याआधी पाय उंच करा, डोळे लेजच्या वर आणा. ते जमतच नसेल तर लेजच्या अगदी कडेलाच पकडा, आत चाचपू नका. रुंद भेगेत हात खुपसण्याआधी आत डोकावा. आत काळोख असेल तर हेल्मेटवरचा दिवा दिवसाही लावायला हरकत नाही. एखादा मोठा नट किंवा हेक्स (भेगेत अडकवायचा धातूचा ठोकळा) आधी आत घालून खडखडवला तरी पुष्कळदा उत्तर मिळतं. आणि लेजवर पोचण्याच्या जरा आधी प्रोटेक्शन (कॅम, नट असं पडणं रोखणारं साधन) लावा, दोर क्लिप करा. पडायची वेळ आलीच तर पडणं छोटं होईल. सापाविरुद्ध क्लाइंबरकडे यापेक्षा चांगला उपाय नाही असं माझं मत आहे.

साप दिसला किंवा वाजला

खुळखुळा ऐकून दिशा ठरवू नका. कोपऱ्यात, घळीत आवाज घुमतो. शिवाय अंतराचा अंदाजही फसतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की आपण जवळ जाऊ लागलो की साप शेपटी हलवण्याची गती एकदम वाढवतो आणि ऐकणाऱ्याला तो आहे त्याहून जवळ आल्यासारखा वाटतो. आवाज आला की आधी थांबा. डोळ्यांनी शोधा. साप सापडला की मगच विरुद्ध दिशेला हला.

जमिनीवर असाल तर सोपं आहे. रॅटलस्नेक साधारण आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेप घेतो, म्हणजे मीटरभर साप अर्धा मीटर. दोन मीटर मागे सरलात की तुम्ही त्याच्या टप्प्याबाहेर आहात. त्याला वाट द्या आणि वाट बघा. दगड मारू नका, काठीने डिवचू नका. नॅशनल पार्कमध्ये प्राण्याला त्रास देणं गुन्हा आहेच, पण डिवचलेला साप चावण्याची शक्यता वाढते हे त्याहून जवळचं कारण.

लीडवर असाल तर हात सोडू नका. शक्य तेवढं हळू, चेहरा आधी लांब न्या, मग हात. बिलेयरला मोजक्या शब्दांत सांगा: "साप", "उतरतेय" किंवा "घट्ट घे". किंचाळल्याने खालच्या माणसाला तुम्ही पडताय असं वाटतं. शेवटच्या प्रोटेक्शनपर्यंत उतरा, ते चांगलं असेल तर त्याला आधार जोडा आणि खाली या. बाजूने दुसरी वाट असेल तर तिने जाता येतं, पण सापाच्या वरून जाऊ नका. तुमच्याकडून सुटलेला दगड किंवा लोंबणारा दोर त्याच्यावर पडेल आणि सेकंड, म्हणजे मागून येणारा साथीदार, चढून येईल तेव्हा साप तिथेच, आता चिडलेला असेल. रूट सोडून द्यावा लागला तर सोडा. एखादा कॅराबिनर मागे राहिला तरी चालेल.

रॅपल करताना पायाखालच्या लेजवर साप दिसला तर थांबा, दोर बाजूला झोका देऊन वळवता येतो का बघा, नाहीतर दोराला प्रुसिक (भार पडला की दोरावर आवळणारी गाठ) लावून वर जा. मात्र हा विचार करायला वेळ मिळण्यासाठी रॅपलला बॅकअपची गाठ आधीपासून असायला हवी.

बिलेयरच्या पायाशी साप आला तर त्याने काय करायचं हे चढण्याआधी दोघांनी बोलून ठेवा. ब्रेकचा हात दोरावरून हलत नाही, बाकी सगळं नंतर. बिलेयरने "साप" म्हणायचं, लीडरने लगेच जवळच्या, खडकात पक्क्या बसवलेल्या बोल्टला किंवा चांगल्या कॅमला स्वतःला अडकवायचं. तोवर बिलेयर पुतळ्यासारखा स्थिर. साप बहुधा स्थिर पायाकडे लक्ष न देता पुढे जातो. लीडर सुरक्षित आहे असं ऐकू आलं की दोर देत देत एकेक पाऊल मागे. जमिनीला अँकर बांधलेला बिलेयर मागे सरकू शकत नाही, म्हणून अँकरचा दोर थोडा लांब ठेवा.

चावलाच तर

दर चार दंशांपैकी साधारण एकात विष शरीरात जात नाही. आपला दंश त्यातला असेल असं गृहीत धरून घरी जायचं नाही. विष गेलं असेल तर काही मिनिटांत जळजळीत दुखतं आणि सूज चढू लागते. तोंडाभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, मळमळ, घाम, चक्कर हेही होतं. मोहावेचा दंश फसवा असू शकतो. काही प्रदेशांतल्या मोहावेच्या विषाचा मारा मज्जासंस्थेवर असतो आणि सूज कमी दिसते.

१. सापापासून दूर व्हा. तो पुन्हा चावू शकतो. त्याला मारण्यात, पकडण्यात वेळ घालवू नका. मेलेल्या सापाचं तुटलेलं डोकंही बराच वेळ चावा घेऊ शकतं.

२. भिंतीवर असाल तर जमीन गाठा. हात चावला असेल तर त्यावर जोर देऊन चढू-उतरू नका, बिलेयरला उतरवू द्या. दोराच्या मध्याचा हिशेब ठेवा. ७० मीटरच्या दोराने ३५ मीटरपर्यंतच उतरवता येतं. दोराच्या टोकाला गाठ असू द्या. बिलेयरलाच चावला असेल तर लीडरला ताबडतोब पण नीट खाली आणणं हेच त्याचं पहिलं काम. सूज आणि चक्कर वाढायच्या आत ते झालं पाहिजे. तिसरा माणूस असेल तर त्याने लगेच दोर ताब्यात घ्यावा.

३. ९११ लावा किंवा उपग्रहावरून मदत मागा. कड्याचं नाव, पार्किंगची जागा, चावल्याची वेळ सांगा.

४. अंगठी, घड्याळ, बांगडी काढा. क्रॅकसाठी हाताला गुंडाळलेली टेप कापून काढा. हे क्लाइंबर हमखास विसरतात आणि सूज चढली की ती टेप फास होते. पायाला चावला असेल तर घट्ट क्लाइंबिंग शू लगेच उतरवा.

५. चावलेला हात किंवा पाय साधारण हृदयाच्या पातळीला, न हलवता ठेवा. हाताला झोळी करायला स्लिंग आणि जॅकेट पुरतं. बांधणं सैल असावं.

६. पेनने त्वचेवर सुजेची कड आखा आणि शेजारी वेळ लिहा. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो.

७. मदत जवळ असेल तर माणसाला झोपवून ठेवा. मदतीला खूप तास लागणार असतील तर उचलून न्या. उचलणारे नसतील तर सावकाश, थांबत थांबत चालत गाडी गाठा. ज्याला चावलाय त्याने गाडी चालवायची नाही.

आणि काय करायचं नाही, तेही तितक्याच ठामपणे. जखम कापू नका. तोंडाने किंवा दुकानात मिळणाऱ्या पंपाने विष शोषू नका. वर आवळून बांधू नका. गावाकडे लहानपणी पाहिलेली ती दोरी इथे अवयव घालवू शकते. ऑस्ट्रेलियात काही सापांसाठी शिकवतात ती दाबाची पट्टीही उत्तर अमेरिकेतल्या रॅटलस्नेकसाठी सुचवली जात नाही, कारण हे विष एका जागी कोंडलं की तिथल्या मांसाचं नुकसान वाढतं. बर्फ नको, दारू नको. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, कारण विषाने रक्त गोठणं आधीच बिघडलेलं असू शकतं.

हॉस्पिटलमध्ये आणि नंतर

इथे प्रामुख्याने दोन प्रतिविषं वापरतात. क्रोफॅब मेंढीपासून बनतं आणि ॲनाव्हिप घोड्यापासून. क्रोफॅबचा पहिला डोस बहुधा ४ ते ६ कुप्यांचा असतो, ॲनाव्हिपचा १० कुप्यांचा. सूज चढत राहिली तर आणखी देतात. तुम्हाला कसली ॲलर्जी आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, पूर्वी कधी प्रतिविष घेतलंय का, हे न विचारता सांगा. सापाचा फोटो लांबून, सहज निघाला असेल तर दाखवा. नसेल तर काही अडत नाही. डॉक्टरांना सर्पदंशाचा फारसा अनुभव नसेल तर त्यांनाही पॉयझन कंट्रोलच्या तज्ज्ञांशी बोलता येतं, तुम्ही तसं सुचवायला संकोच करू नका.

घरी सोडल्यावर माणसाला वाटतं संपलं. रक्त गोठण्याची गडबड काही दिवसांनी परत येऊ शकते, म्हणून रक्ततपासणीच्या तारखा चुकवू नका. कमीत कमी दोन आठवडे दात काढणं, ठरवलेलं ऑपरेशन आणि क्लाइंबिंग पुढे ढकला. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, आपोआप उमटणारे काळेनिळे डाग दिसले तर लगेच परत जा. एक ते तीन आठवड्यांच्या आत ताप, अंगावर पुरळ आणि सांधेदुखी सुरू झाली तर ती प्रतिविषाची उशिरा आलेली प्रतिक्रिया असू शकते. ती औषधाने बरी होते, पण फोन करताना साप चावला होता आणि कोणतं प्रतिविष मिळालं होतं, हे पहिल्याच वाक्यात सांगा.